बाभळीतला बोळा

कोळी बघायचे तर पावसाळ्यात, असं या नादातले बहुतेक जण सांगतात. खोटं नाही ते. किडे मुबलक असतात, झाडोरा दाट असतो, कोळी चांगले पोसलेले असतात. पण पावसाळ्यात कोळी शोधावा लागतो, आणि हिवाळ्यात तो आपणहून पत्ता देतो. ही सगळी दहिवराची कृपा. एरवी डोळ्यांसमोर असून न दिसणारी जाळी पहाटे भिजली की सकाळी आठ-साडेआठपर्यंत ठळक उमटून राहतात. गवतात जमिनीलगत चादर पसरलेली आहे आणि तिच्या एका कडेला आत जाणारं नरसाळं आहे, असं दिसलं तर ती बहुधा हिप्पासाची. हा वुल्फ स्पायडरच्या कुळातला. या कुळातले बाकीचे बहुतेक जण विणकामाच्या भानगडीत न पडता जमिनीवर धावून भक्ष्य पकडतात, हा मात्र विणतो आणि नरसाळ्याच्या तोंडाशी पुढचे पाय टेकवून वाट बघत बसतो. ऊन चढलं की या चादरी दिसेनाशा होतात. जागच्या हललेल्या नसतात, पण मग त्यांच्यावर पाय देऊन माणसं, म्हशी, सायकली सगळं जातं.

मला भेटलेल्या कोळ्याला मात्र दहिवराची गरज नव्हती. त्याचं घर भर दुपारी पन्नास पावलांवरून दिसत होतं, आणि कुणी बघत नव्हतं.

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते. कॅलेंडरात वेळ अमावास्या, बोलण्यात येळवस. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पूजा मांडायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. भज्जी दुसऱ्यांदा वाढून घेतली की डोळे मिटायला लागतात, म्हणून मी मामाच्या बांधावरून चालत सुटले. ज्वारी पोटऱ्यातून निघून कणसांवर आलेली, हरभऱ्याला घाटे. बांधाच्या टोकाला एक बाभूळ आहे, फार उंच नाही. तिच्या छातीएवढ्या उंचीवरच्या फांदीत एक मळकट, राखाडी बोळा अडकलेला होता. नारळाहून थोडा मोठा. त्याच्यातून चारी बाजूंनी धुळकट पडदे निघून शेजारच्या फांद्यांना ताणलेले, काही ठिकाणी फाटलेले. वाऱ्याने उडून आलेलं काहीतरी काट्यांत अडकून बसलंय असंच कुणालाही वाटावं.

"काय बघायलीस गं त्या बाभळीत?" मामाने लांबूनच विचारलं. मग जवळ येऊन म्हणाला, "कातिणीचं घर हाय त्ये. हात लावू नको. अंगावर मुतली की फोड येतेत."

हे कातीण मुतण्याचं प्रकरण मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि त्याचा एकदा निकाल लावायला हवा. सकाळी उठावं तर मानेवर किंवा दंडावर लालभडक पट्टा, त्यावर बारीक फोड, आग. घरातलं कुणीतरी खात्रीने सांगतं, कोळी मुतला. कोळ्याचा यात काही संबंध नसतो. बऱ्याचदा हा उद्योग पेडेरस नावाच्या भुंगेऱ्याचा असतो. मुंगीपेक्षा जरासा मोठा, अंगावर काळे-नारिंगी पट्टे, रात्री दिव्याला येतो. तो चावत नाही, डंखही करत नाही. आपण झोपेत त्याला चिरडतो, त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य कातडीला लागतं आणि एक-दोन दिवसांत फोड उठतात. भुंगेरा तोवर गादीखाली वाळून गेलेला असतो आणि भिंतीवर कोळी मात्र जिवंत बसलेला दिसतो. आळ कुणावर येणार? मी मामाला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तरी बी हात लावू नको."

हात लावला नाही. गवताची एक वाळकी काडी घेतली आणि पडद्याला अलगद टेकवली. काडी चिकटली, आणि मागे ओढली तर पडदा बराच लांब ताणून आला. ओळख पटवायची तर मी इथूनच सुरुवात करते. बागेत दिसणारी गोल, चाकासारखी जाळी विणणारे कोळी आपल्या धाग्यावर गोंदाचे बारीक थेंब ठेवतात; भिंगातून ते मण्यांसारखे ओळीने दिसतात. इथे थेंब नव्हते. धागा कोरडा, लोकरी, किंचित निळसर झाक असलेला. असं रेशीम काढणारे कोळी वेगळे. त्यांच्या पोटाच्या मागच्या टोकाशी, खालच्या अंगाला एक चाळणीसारखी पट्टी असते. तिच्यातून अत्यंत बारीक तंतू एकाच वेळी निघतात, आणि मागच्या पायावरच्या केसांच्या फणीने कोळी ते पिंजून काढतो. गोंदाचा थेंब कोरड्या हवेत सुकतो. या पिंजलेल्या रेशमाला सुकायला पाणीच नाही. लातूरची हवा काय असते हे मी सांगायला नको. रेल्वेने पाणी आणावं लागलेला जिल्हा आहे आमचा.

म्हणजे कूळ निम्मं कळलं. आता बोळ्यात आहे कोण?

दुपारी कुणी बाहेर नव्हतं. बोळा जवळून बघितला तर तो नुसत्या रेशमाचा नव्हता. बाभळीची वाळकी पानं, काटे, मधमाशीचं डोकं, भुंगेऱ्यांचे चमकदार हिरवे पंख, नाकतोड्याची एक अख्खी तंगडी, सगळं त्यात गुंफलेलं. मध्ये मध्ये बोट जाईल एवढी भोकं. एका भोकात, आतल्या अंधारात, पाय दिसले. मग शेजारी आणखी पाय. मग लक्षात आलं की ते एकाच कोळ्याचे असणं शक्य नाही, कारण दोन्हींची तोंडं वेगवेगळ्या दिशांना होती.

कोळी म्हटला की एकटा. दुसरा कोळी समोर आला तर तो एक तर जोडीदार, नाही तर जेवण, आणि पुष्कळदा दोन्ही. एका घरात दाटीवाटीने बसलेले कोळी ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. जगातल्या कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींनी २०२२ मध्ये पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. त्यातल्या कायम एकत्र राहणाऱ्या, एकत्र शिकार करणाऱ्या आणि एकमेकांची पिल्लं सांभाळणाऱ्या जाती पंचवीस-तीसच्या आसपास. त्यातली एक आपल्या बाभळी-बोरींवर, शेताच्या तारेच्या कुंपणावर राहते आणि आपण तिला जळमट समजून पुढे जातो.

अर्थात घोळका दिसला म्हणून लगेच तीच, असं म्हणता येत नाही. सर्टोफोरा नावाचे कोळीही कुंपणात, निवडुंगात, घायपातात गटाने दिसतात आणि लांबून तसाच पसारा वाटतो. पण त्यांचं प्रत्येकाचं जाळं वेगळं असतं. बारीक, घट्ट विणीची आडवी चादर, मध्ये तंबूसारखी वर उचललेली, आणि वरखाली आधाराच्या दोऱ्यांचं जंजाळ. दोऱ्या एकमेकांच्या आधाराने बांधलेल्या असल्या तरी शेजाऱ्याने पाऊल टाकलं की हाकलून लावतात. शिवाय त्यांचा धागा लोकरी नसतो. माझ्या बाभळीत सगळ्यांचं मिळून एकच घर होतं.

शेवटची खूण डोळ्यांची, आणि त्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. घरची मंडळी भांडी आवरायला लागली होती. सूर्य ज्वारीत टेकला तसे भोकांतून एकेक करून बाहेर आले. नखाएवढेही नाहीत. करडे, अंगावर आखूड दाट केसांची लव, पाठीवर पांढरट नक्षी, पाय आखूड आणि जाड. चेहरा समोरून चौकोनी. मोबाईलला चिमट्याचं भिंग लावून एकाचा फोटो जमला. आठ डोळे, त्यातले चार मधोमध एकत्र गोळा झालेले, दोन पुढच्या कोपऱ्यांवर आणि दोन पार मागे, बाजूला. वुल्फ स्पायडरचे डोळे असे नसतात. त्याला पुढे चार बारीक, वर दोन मोठे आणि त्यामागे आणखी दोन. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे तर पुढचे दोनच एवढे मोठे की दुसरं काही बघायला नको. डोळ्यांची मांडणी हा कोळ्याचा सातबारा आहे. रंग फसवतो, आकार वयाप्रमाणे बदलतो, डोळे जागा सोडत नाहीत.

मागे विखुरलेले डोळे, मखमली अंग, पिंजलेलं रेशीम: इरेसिडी कूळ. त्यात काटेरी झाडावर सामाईक घर: स्टेगोडायफस सारासिनोरम. स्टेगोडायफस वंशाच्या आणखीही जाती भारतात आहेत, पण त्यांची मोठी झालेली मादी एकटी राहते. वसाहत करून राहणारी हीच. (मृगाच्या पहिल्या पावसात निघणारा लालभडक मखमली मृगाचा किडा याच्या कुळातला नव्हे. तो कोळ्यांचा लांबचा नातलग, माइट.) बर्लिनच्या संग्रहालयातल्या फर्डिनांड कार्श यांनी १८९२ मध्ये या कोळ्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही श्रीलंकेतून आणलेल्या नमुन्यांवरून. ते नमुने गोळा करणारे पॉल आणि फ्रिट्झ सारासिन हे स्वित्झर्लंडचे, एकमेकांचे भाऊबंद. त्यांचं नाव आमच्या बाभळीवर येऊन बसलं. नावं अशीच पडतात. २०२१ मध्ये ठाण्यातून नव्याने नोंदवलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याचं नाव आहे इशियस तुकारामी, २६/११ ला कसाबला धरून ठेवताना जीव दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. ते ऐकताना मला सारासिनांपेक्षा नक्कीच जास्त बरं वाटतं.

तेवढ्यात एक नाकतोडा पडद्यात आला. तडफडला, आणि सगळे कोळी जागच्या जागी थिजले. मग त्याने पुन्हा पाय झाडला तसे चार-पाच जण निघाले. नाकतोडा हलला की हे चालायचे, थांबला की थांबायचे. पडद्याच्या थरथरीवरून तो कुठे आहे हे त्यांना कळतं. सगळे एकदम चालले तर त्यांच्याच पावलांची थरथर होईल आणि त्याची कळणार नाही. पोचल्यावर कुणी तंगडीला, कुणी मिशीला तोंड लावलं. झाडणं थांबेपर्यंत सोडलं नाही. मग त्याला ओढत बोळ्याकडे नेऊ लागले, तिथे पोचेपर्यंत आणखी बरेच जण येऊन चिकटले होते. पडद्याच्या दुसऱ्या टोकाला एक कोळी या गडबडीकडे ढुंकूनही न बघता मागच्या पायाची फणी भरभर चालवत फाटलेली जागा भरून काढत होता.

इथपर्यंत सांगितलं की ऐकणारा हमखास म्हणतो, "बघा, किडामुंगीला कळतं ते माणसाला कळत नाही. एकत्र कुटुंबं मोडली आपण." माझ्या मावसभावाने हे कोपीशेजारीच म्हणून टाकलं, आणि त्याच्या स्वतःच्या जमिनीच्या वाटणीचा दावा चालू आहे. मला ही उपमा नकोशी वाटते. ती ओढून आणलेली आहे म्हणून नव्हे. ती अर्धीच सांगितली जाते म्हणून.

पुढचं अर्ध असं आहे. या बोळ्यात बाहेरून सून येत नाही, जावई येत नाही. बहिणी-भावांतच जोड्या लागतात, पिढ्यान्‌पिढ्या. नर मुळात थोडे, माद्या कितीतरी जास्त. वसाहत वाढली की काही माद्या शेजारच्या फांदीवर किंवा झाडावर नवा बोळा करतात, पण त्याही याच रक्ताच्या. असं होत होत या जातीतलं जनुकीय वैविध्य विलक्षण कमी झालेलं आहे. त्यामुळे बुरशी लागली, मुंग्यांची धाड आली, तर कुणीतरी वेगळा निघून तगेल ही आशा थोडी. भरलेला बोळा बघता बघता रिकामा होतो. या वंशातल्या एकत्र राहणाऱ्या जाती सध्या तीनच, दोन आफ्रिकेकडे आणि ही आपली.

शिकार वाटून खाण्यातही एक मेख आहे. कोळी चावून खात नाही. तो भक्ष्यात पाचक रस सोडतो आणि विरघळलेलं शोषून घेतो. चार जण एकाच नाकतोड्याला लागले की प्रत्येकाचा रस सगळ्यांच्या कामी येतो. मग स्वतःचा रस कमी सोडून दुसऱ्याचा प्यावा, हा मोह आलाच. याच वंशातल्या भूमध्य सागराकडच्या एका जातीवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सख्ख्या भावंडांचे गट आणि परक्या पिल्लांचे गट वेगवेगळे ठेवून पाहिले. भावंडांच्या गटाने त्याच भक्ष्यातून जास्त मिळवलं आणि ती पिल्लं चांगली वाढली. परक्यांत हात आखडता राहिला.

आणि आई. पिल्लं निघाल्यावर मादी खाणं ओकून त्यांना भरवते. हळूहळू तिच्या पोटातले अवयव आतून विरघळायला लागतात आणि शेवटी पिल्लं तिच्यावर चढून तिलाच शोषून घेतात. ती पळत नाही. वसाहतीत तर ज्यांनी अंडी घातलेली नाहीत अशा माद्याही भरवायला पुढे होतात. आफ्रिकेतल्या जातीत त्यांनाही पिल्लं खातात असं आढळलं आहे.

हे मी मामीला सांगितलं तेव्हा ती राखेने पातेलं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आपल्यात काय येगळं हाय?" मावसभाऊ हसला. मामी हसली नाही.

या कोळ्यांच्या 'स्वभावां'बद्दलही बरंच छापून आलेलं आहे. कुणी धीट, कुणी भित्रा, कुणी शिकारीला पुढे, कुणी नेहमी मागे. आपल्या सारासिनोरमवर असा अभ्यास आंध्र प्रदेशात कुप्पमजवळ झाला. वाचायला फार गोड विषय. पण आफ्रिकेतल्या त्याच्या भावंडांवरचे याच विषयातले काही गाजलेले शोधनिबंध २०२० पासून मागे घेतले गेले, कारण मोजमापांच्या आकड्यांत एकसारखी पुनरावृत्ती सापडली आणि तिचा खुलासा होईना. तेव्हापासून कोळ्याच्या स्वभावाविषयी कुणी फार ठामपणे बोलायला लागलं की मी जरा सावरून बसते. त्यापेक्षा १९०५ मध्ये एन. एस. जंबुनाथन यांनी याच जातीच्या सवयींवर लिहिलेलं टिपण मला आवडतं. आपल्याकडच्या माणसाने, आपल्याकडच्या कोळ्याकडे बघून लिहिलेलं.

पुण्याला परतल्यावर फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर चढवले. अ‍ॅपने स्वतः वंशापर्यंतच नाव सुचवलं, आणि ते योग्यच आहे. कोळ्याच्या जातीचा पक्का निवाडा बहुतेक वेळा मादीच्या पोटाखालच्या जननांगाचा किंवा नराच्या तोंडाजवळच्या पॅल्पचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली बघून होतो. त्यासाठी एक नमुना अल्कोहोलमध्ये टाकावा लागतो. संशोधकाला ते करावंच लागतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला मात्र तेवढ्यासाठी एक बाटली भरावीशी वाटली नाही. या कोळ्याच्या बाबतीत एक सोय आहे, की तो आपल्या घरावरून ओळखता येतो. एकटा पकडून हातावर घेतलात तर तो नुसता एक करडा, मंद कोळी, कदाचित वंश सांगता येईल. बाभळीसकट बघितला तर नाव सांगता येतं. म्हणून मी एका कोळ्याच्या जवळून काढलेल्या फोटोबरोबर अख्ख्या फांदीचा फोटो जोडला, आणि कुणी असा कोळी ओळखायला पाठवला की त्यांनाही तेच सांगते: दोन पावलं मागे या आणि सगळं झाड घ्या. लोक नेमकं उलटं करतात. कोळी जेवढा मोठा येईल तेवढा फोटो कापून पाठवतात आणि खाली एकच प्रश्न, विषारी आहे का? विष जवळपास सगळ्याच कोळ्यांकडे असतं, ते किड्यांसाठी. हा तर माणसाची चाहूल लागली की बोळ्यात आत सरकतो.

फेब्रुवारीत ज्वारी काढणीला आली तेव्हा मामाचा फोन आला. मळणीयंत्र बांधावरून आत न्यायचं होतं आणि ती फांदी आडवी येत होती. "तोडू का?" मी म्हटलं, तोडा, पण बोळ्यासकट अख्खी तोडा आणि दुसऱ्या काटेरी झाडात बांधून ठेवा. संशोधकही वसाहती अशाच हलवतात. मामाने कोयत्याने फांदी उतरवली आणि पलीकडच्या बांधावरच्या बोरीत सुतळीने बांधली. कातीण मुतेल म्हणून डोक्याला टॉवेल आणि हाताला पोत्याचं फडकं गुंडाळून, असं मामीकडून नंतर कळलं.

आठवड्याने त्याचाच फोन. पडदे नवे झाले होते, बोरीच्या तीन-चार फांद्यांपर्यंत.

"लागलेत ते विणायला," मामा म्हणाला. "पर ऐक, त्या बोरीची बोरं लई ग्वाड असतेत. ती आता कोन काढायची?"